उमावहिनीच्या गच्चीवरचे भाजके पापड

मे महिन्यात आमच्या नळदुर्गात ऊन कसं पडतं ते परगावच्या माणसाला सांगून पटत नाही. दोन सालांमागं एका ट्रकवाल्यानं भर दुपारी हायवेवर गाडी उभी करून हेडलाइट पुसले, आणि पुढं दिवे न लावताच हैदराबाद गाठलं. काचेत मुरलेलं ऊन पुरलं त्याला. त्याचं नाव-गाव मला विचारू नका. मी फक्त त्याच्या बंपरला वेल्डिंग मारलं होतं.

चाळीस वर्षं मी हायवेला लागून वेल्डिंगचं दुकान चालवलं. एकदा तर फुटक्या अंड्याला इतकं नाजूक वेल्डिंग मारलं की एकविसाव्या दिवशी पिल्लू निघालं ते काळा चष्मा लावूनच. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. गाव मानत नाही, ती गोष्ट वेगळी.

पण आता सांगतो ते बजरंगच्या गच्चीवरचं. यात मी पदरचं काही घातलेलं नाही. घालायला जागाच उरली नव्हती.

बजरंग माझा लहानपणापासूनचा दोस्त. तीस वर्षं खडी क्रशरवर होता. खडीचे रस्ते झाले, आणि उरलेली धूळ त्याच्या छातीत जाऊन बसली. आता तो दिवसभर बाजेवर बसून असतो. नाकाला नळी, नळीच्या दुसऱ्या टोकाला मशीन. खोलीतल्या हवेतून ते ऑक्सिजन गाळून त्याला देतं. अडचण एकच. मशीन चालतं विजेवर, आणि उन्हाळ्यात आमच्याकडं वीज दिवसातून चारदा जाते. इन्व्हर्टर दीड तास टिकतो. मग बजरंगची बायको, म्हणजे आमच्या उमावहिनी, सिलिंडर लावायच्या, आणि सिलिंडरचा काटा खाली आला की नव्या सिलिंडरची वाट बघत सोलापूरच्या रस्त्याकडं तोंड करून दारात उभ्या राहायच्या. मागच्या साली एकदा सहा तास वीज आली नाही. त्या दिवशी बजरंगची नखं जांभळी झालेली मी बघितली. त्या दिवशी मला एकही थाप सुचली नाही.

दिवाळी झाल्यावर पुण्याच्या एका कंपनीची पोरगी आली. राजनंदिनी तिचं नाव, इंजिनीअर. कंपनीला नवीन यंत्राची परीक्षा घ्यायला जिल्ह्यात पाच घरं पाहिजे होती. बजरंगचं मशीन बघून तिनं पहिलं नाव ह्याच घराचं लिहिलं. आठ दिवसांत गच्चीवर सोलरच्या काचा बसल्या, त्यांच्याशेजारी कपाटाएवढा पांढरा डबा, आणि कठड्याला लागून जाळीत तीन लाल टाक्या. टाक्यांपासून डब्यापर्यंत कठड्याच्या कडेनं गेलेली करंगळीएवढी स्टीलची नळी.

मी वेल्डर माणूस. टाकी दिसली की विचारल्याशिवाय राहवत नाही.

"पोरी, ह्यात काय भरलंय?"

"हायड्रोजन, चाचा. दिवसा ऊन पाण्याचे दोन भाग करतं. त्यातला हायड्रोजन टाकीत साठवायचा. वीज गेली की डब्यात तो हवेतल्या ऑक्सिजनशी परत जुळतो. त्यातून वीज निघते, आणि उरतं ते नुसतं पाणी."

"धूर?"

"नाही."

"आवाज?"

"पंख्याएवढा."

"मंग ह्यात भानगड काय हाय ते सांग."

ती हसली. पोरगी खरी होती, लपवलं नाही तिनं. "भानगड ही की दहा भाकरींचं पीठ मळावं आणि ताटात तीनच याव्यात, तसं आहे. वाटेत बरंच वाया जातं. एका रात्रीपुरतं म्हणाल तर बॅटरीच बरी. पण चार दिवस ढग राहिले की बॅटरी रिकामी होते, आणि टाकीतला वायू मात्र गुपचूप बसून राहतो. घरोघरी यायला अजून किती वर्षं लागतील, मी सांगू शकत नाही. म्हणून तर परीक्षा."

ते दिवाळीनंतरचं. त्यानंतर वीज कितीही वेळा जावो, बजरंगचं मशीन थांबलं नाही. पहिल्यांदा वीज गेली तेव्हा उमावहिनी सवयीनं विंझणा घेऊन धावल्या, आणि मशीन चालूच आहे बघून दारातच मटकन खाली बसल्या.

"उमे, मेलो न्हाय मी," बजरंग म्हणाला. "वारा घाल की आता, आलीच हायेस तर."

आणि मग तो मे महिन्यातला मंगळवार आला. सकाळी दहाच्या सुमारास बजरंगच्या दारात टेम्पो थांबला. टेम्पोवाला गुरुसिद्धप्पा खाली उतरला, त्याच्या हातात पान्यांची पिशवी. मागून राजनंदिनी उतरली. तिचे डोळे सुजलेले.

"काकू," ती उमावहिनींना म्हणाली, "डबा न्यायला आलोय."

वहिनी पापडाच्या पिठानं भरलेले हात घेऊनच बाहेर आल्या होत्या. ते हात तसेच हवेत राहिले.

"न्यायला म्हंजे? दुरुस्तीला का?"

"नाही काकू. कायमचा. सोनारीला एका घरी बसवायचं ठरलंय."

हळूहळू कळलं ते असं. वीस दिवसांपासून टाकीतला वायू कमी होत होता. जेवढा खर्च व्हायला पाहिजे त्याच्या दुप्पट. पुण्यात बसून कंपनीच्या साहेबाला ते मोबाइलवर दिसत होतं. राजनंदिनी दोनदा येऊन वास घेणारं यंत्र सगळीकडं फिरवून गेली होती. यंत्र शून्य दाखवायचं. गळती नाही, आणि वायू तर जातोय. साहेबानं सरळ हिशोब मांडला: घरातलं कुणीतरी वायू काढून घेतंय.

"आमी चोर?" उमावहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. "काय करू म्या त्या वायूचं? फोडणी घालू का लुगड्यात बांधून माहेराला न्हेऊ?"

"मी सांगितलं त्यांना, काकू. आठ दिवस भांडले."

"काय करू अव्वा," गुरुसिद्धप्पा जमिनीकडं बघत पुटपुटला, "हुकूम हाय साहेबांचा."

आतून बजरंगनं हाक मारली. त्याला एका दमात चार शब्दांच्या वर बोलता येत नाही. "न्हेऊ दे त्येनला. उमे... भांडू नगंस. सिलिंडर हाय... की आपल्याकडं."

सिलिंडर एकच होता, आणि तोही अर्धा. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मी त्या वेळी जिन्याच्या पायरीवर बसलो होतो. महिनाभर माझी ड्युटी वर गच्चीवर होती. वहिनींनी गच्चीवर बाज टाकून उडदाचे पापड, कुरडया, खारवड्या वाळत घातल्या होत्या आणि कावळे हाकायला मला बसवलं होतं. माझ्या बायकोचं, सकिनाचं म्हणणं, "घरी बसून थापा मारतंय, तितं बसून काठी तरी मारंल." पगार म्हणून बाजेवरचा पापड खायची मुभा. त्या दिवशीही एक पापड माझ्या हातात होता. पोरगी रडवेली दिसली म्हणून मी अर्धा मोडून तिच्यापुढं धरला.

"घे. आधी खा, मंग न्हे काय न्ह्यायचं ते."

तिनं तोंडात टाकला आणि ती थांबली.

"चाचा, हा तर भाजलेला आहे."

"व्हय."

"कुणी भाजला?"

"उन्हानं. हितलं ऊन पापड भाजतंय. म्या ईस दिवस चहाच्या टपरीवर बोंबलतोय, कुणी ऐकंल तर शपथ."

"भावजी!" उमावहिनी कडाडल्या. "निदान आज तरी थापा नगा मारू. घरावर वरवंटा फिरायलाय आन् तुमचं..."

"वहिनी, देवाशपथ, तुमच्याच बाजेवरचा हाय. रोज एका कोपऱ्यातले भाजून निघत्यात. तुमीच म्हणाला न्हवता का, तेवढे आयते झाले म्हणून?"

वहिनींना ते नाकारता येईना. "निघत्यात खरं," त्या राजनंदिनीला म्हणाल्या. "पाच-सात पापड रोज. त्या एकाच कोपऱ्यातले."

"कुठल्या कोपऱ्यातले?" राजनंदिनीनं विचारलं.

"टाक्यांकडच्या."

माझ्या दाताखाली पापड होता, तो तसाच राहिला. ऊन गच्चीभर सारखं पडतं. बाजेच्या तीन कोपऱ्यांतले पापड वाळतात आणि चौथ्यातले भाजतात, असं ऊन माझ्या थापेतसुद्धा बसत नव्हतं.

पन्नास वर्षांमागचं आठवलं. ऐन विशीत मी हैदराबादेकडं वनस्पती तुपाच्या एका कारखान्यात दोन वर्षं होतो. तेलाचं तूप करायला तिथं हाच वायू लागायचा. त्या खोलीत आमचे उस्ताद कधी मोकळ्या हातानं शिरायचे नाहीत. हातात शिंदीची केरसुणी, काठीसारखी पुढं धरलेली. मी हसलो होतो त्यांना. ते म्हणाले होते, बेटा, ह्या वायूची आग दिवसा दिसत नाही. तुझ्यापुढं पेटलेली असंल आन् तू तिच्यात चालत जाशील. म्हणून आधी केरसुणी जाऊ दे.

मी उठून उभा राहिलो. "पोरी, गच्चीवर आग हाय."

"आग?" गुरुसिद्धप्पानं वर बघितलं. "धूर न्हाय, काय न्हाय."

"ह्याला धूर नसतोय. जाळ बी दिसत न्हाय."

"सुरू झालं ह्यांचं," शेजारच्या दारातून आमची सकिना म्हणाली. "अजी, लोकांच्या घरात रडं पडलंय, तुमी आत्ता तरी गप बसता का नाय?"

पण राजनंदिनी हसली नव्हती. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. ती भिंतीला टेकली.

"काकू, चाचा खरं बोलतायत," ती म्हणाली. "हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही. माझं यंत्र न जळालेला वायू हुंगतं. इथं तर तो बाहेर पडल्या पडल्या जळतोय, मग ते शून्यच दाखवणार. मी हे कॉलेजात शिकलेय. दोनदा वर जाऊन आले, काकू. त्या नळीपासून हातभरावर उभी होते मी."

हे ऐकून मला जास्तच घाम फुटला, कारण मी तिथं वीस दिवस बसलो होतो. पेंगत.

मुख्य कॉक टाक्यांपाशीच होता. तो बंद करायचा तर जाळ कुठून निघतो आणि कुणाच्या अंगावर येतो ते आधी कळायला पाहिजे. राजनंदिनीनं साहेबाला व्हिडिओ कॉल लावला. साहेब पंख्याखाली, मागं झाडाची कुंडी.

"सर, लीक सापडलं. आग लागलीय. पण ती दिसत नाहीये."

"दिसत नाहीये?" साहेब म्हणाला. "मग तुला सांगितलं कुणी?"

"इथले एक चाचा आहेत. पापडांवरून."

मग साहेब प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाला, "राजनंदिनी. डबा उतरव. टेम्पोत घाल."

"दोन मिनिटं सर. फक्त बघा." तिनं फोन गुरुसिद्धप्पाच्या हातात दिला आणि माझ्याकडं वळली. "चाचा, काय करायचं?"

"केरसुणी पाहिजे. शिंदीची."

उमावहिनी एकदम दाराच्या मागं गेल्या. मला वाटलं केरसुणी आणायला. त्या केरसुणी पाठीमागं धरून उभ्या राहिल्या.

"काय करणार तिचं?"

"जाळात घालणार. कुठं पेटती ते बघणार."

"लक्ष्मी हाय ती! दिवाळीत हळद-कुंकू लावलंय म्या तिला. लक्ष्मी जाळायची? आन् ती बी घरात असं होऊन बसलं आस्ताना?"

"वहिनी, दुसरं काय न्हाय वो."

"माजी घ्या," सकिना धावत जाऊन घेऊन आली. ती प्लॅस्टिकची होती, निळी. जळाली असती तर वितळून माझ्याच हाताला चिकटली असती. परत पाठवली.

वहिनी हलेनात. खाली टेम्पो, वर आग, पुण्यात साहेब, आणि मधल्या दारात केरसुणी. शेवटी आतून बजरंगनं एकेक शब्द मोजून म्हटलं, "उमे. लक्ष्मीला... इचार. नवऱ्यासाठी... येती का."

वहिनी आत वळल्या. मग देव्हाऱ्यातलं हळद-कुंकू आणून त्यांनी केरसुणीला लावलं, खाली ठेवून डोकं टेकवलं, आणि माझ्या हातात देताना म्हणाल्या, "भावजी, मुठीकडनं न्हाय, शेंड्याकडनं जाळा. आन् दिवाळीला नवी तुमी आणायची."

असा मी, लालमहंमद वेल्डर, कुंकू लावलेली केरसुणी दोन्ही हातांनी पुढं धरून बजरंगची गच्ची चढलो. माझ्यामागं दहा पावलांवर राजनंदिनी, तिच्यामागं फोन उंच धरलेला गुरुसिद्धप्पा. गल्लीतली माणसं आपापल्या गच्चीवर आली होती. कुणीतरी विचारलं, "लालचाचा, कोणाची मिरवणूक?" माझं सगळं लक्ष केरसुणीच्या शेंड्यावर.

बाजेपाशी आलो. काही नाही. ऊन, पापड, कठडा. केरसुणी कठड्याजवळ नेली. काही नाही. नळीचा पहिला जोड. काही नाही. मागून साहेबाचा आवाज आला, "हे काय झाडतायत?" आणि कुठल्यातरी गच्चीवर कुणीतरी खदखदून हसलं. मलाच वाटायला लागलं की आयुष्यभर थापा मारून मारून आता मी स्वतःलाच फसवलंय.

दुसऱ्या जोडापाशी केरसुणी गेली.

आणि ती पेटली. ठिणगी नाही, धूर नाही, कशाला टेकली नाही. रिकाम्या हवेत धरलेल्या केरसुणीनं एकदम भडका घेतला. पिवळा जाळ हातभर वर गेला. हसणाऱ्याचं हसणं मधेच तुटलं. खालून सकिनाची "या अल्ला!" अशी किंकाळी आली, समोरच्या गच्चीवर बाईनं तोंडावर पदर घेतला, गुरुसिद्धप्पाच्या तोंडातून कानडीत जे निघालं ते मी इथं लिहीत नाही. मी जागच्या जागी उभा होतो. मी स्वतः सांगितलेलं खरं निघालं, ह्याचाच मला एवढा धक्का बसला होता की हातातली केरसुणी टाकायचंसुद्धा सुचेना.

"धरून ठेवा चाचा, तिथंच!" राजनंदिनी ओरडली. जाळ बाजेच्या कोपऱ्याकडं तोंड करून होता, ते आता सगळ्यांना दिसलं. ती उलट बाजूनं वाकून गेली, जाळीत हात घातला आणि मुख्य कॉक फिरवला.

हवेतला जाळ गेला. नुसती केरसुणी जळत राहिली. मी ती पाण्याच्या बादलीत बुडवली.

सगळं एकदम गप्प झालं. इतकं, की तेव्हा कळलं, इतके दिवस गच्चीवर एक बारीक फुर्रर्र असा आवाज होता आणि आम्ही कुणीच तो ऐकला नव्हता.

आणि त्या शांततेत खालून बजरंगची हाक आली. घाबरी, फाटलेली.

"उमेऽऽ! लाल्याऽऽ! मेलो गं मी!"

आम्ही जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही. वहिनी सर्वांत पुढं. खोलीत बघतो तर मशीन चालू, गावाची वीज चालू, नळी नाकाला, आणि बजरंग दोन्ही हात छातीवर दाबून बसलेला. डोळे बाहेर आलेले.

"काय हुतंय? काय हुतंय वो?" वहिनींनी त्याचं डोकं धरलं.

"वाजायची... थांबली," तो म्हणाला.

"काय थांबलं?"

"छाती. ईस दिवस... फुरफुर वाजत हुती. रातंध्याय. म्या कुणाला... सांगितलं न्हाय. म्हटलं आता... शेवट आलाय. आन् आत्ता... एकदम गप. म्हटलं... झालं, संपलं."

त्याच्या बाजेच्या बरोबर वर तो जोड होता. नळीचा आवाज स्लॅबमधून खाली उतरत होता, आणि बजरंग वीस दिवस तो आपल्याच छातीचा समजून, बायकोला कळू न देता, एकटा मरणाची तयारी करत बसला होता.

उमावहिनींनी आधी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, मग त्याच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडायला लागल्या.

तेवढ्यात गुरुसिद्धप्पाच्या हातातून आवाज आला. फोन अजून चालूच होता. साहेब पंख्याखालून उठून उभा राहिला होता आणि त्याचा चेहरा स्क्रीनभर झाला होता.

"राजनंदिनी, हे... हे मी बघितलं. पण ही आग लागली कशी?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. मी माझ्या खिशाकडं बघितलं. खिशात बिडीचं बंडल होतं.

माझ्या तोंडात गोष्ट तयारच होती. धाब्याच्या भट्टीवरनं कावळ्यानं निखारा उचलला, चोचीला चटका बसला म्हणून नेमका नळीवर टाकला, आणि तेव्हापासून तो कावळा आमच्या गल्लीत... मी पहिलं वाक्य बोललोसुद्धा.

"कावळा नको," साहेब म्हणाला. "आपोआप पेटली असेल तर मामला गंभीर आहे. मग पाचही घरांतले डबे आजच उतरवावे लागतील."

बजरंगनं माझ्याकडं बघितलं. त्याचे हात अजून छातीवरच होते.

मी बंडल बाहेर काढून बाजेवर ठेवलं. "साहेब, म्या लावली," म्हटलं. "ईस दिवसांमागं पापड राखत बसलो हुतो. बिडी पेटवली आन् काडी तिकडं टाकली. भप्प असा आवाज झाला. म्या म्हटलं कबूतर उडालं. बोर्ड लावलेला हाय तितं, आगीला मनाई म्हणून. म्या वाचलेला हाय त्यो. चाळीस वर्षं गॅसजवळ काम केलेला माणूस हाय म्या."

खोलीत कुणाला हसू आलं नाही. सकिना तर माझ्याकडं असं बघत होती की जणू मी पहिल्यांदाच घरात आलोय.

"पण काडी पडून वायू पेटला, तर वायू आधीच गळत असणार," साहेब म्हणाला. "जोड सैल कसा झाला?"

आता उमावहिनींनी डोळे पुसले. "ते म्या केलं," त्या हळू म्हणाल्या. "पापडावर कावळे येऊ नयेत म्हणून जुनं लुगडं पसरलं हुतं. त्याची दोरी त्या नळीला बांधली. चांगली खुट्टी दिसली म्हणून. वारं सुटलं की लुगडं शिडासारखं फुगायचं, नळीला हिसके बसायचे. दोन दिवसांनी दोरी तुटून पडली, टोक काळं झालेलं. मला वाटलं उन्हानं जळाली."

साहेब परत खुर्चीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे मशीनचा दोष नाही."

"दोष आहे, सर," राजनंदिनी म्हणाली. ती इतकी ठाम बोलली की गुरुसिद्धप्पानं फोन सरळ धरला. "उघडी नळी गच्चीच्या कठड्यानं नेली, ती मी. उन्हाळ्यात इथल्या प्रत्येक गच्चीवर पापड असतात, दोरी असते, राखणीला एक बिडीवाला असतो. आपण ते नकाशात धरलंच नाही. घरोघरी जायचं असेल तर यंत्राला आधी घरात राहता आलं पाहिजे."

"पुण्यात पापड वाळत न्हाईत व्हय?" उमावहिनींनी नाक ओढत विचारलं.

"चोरीचं जे बोललो," साहेब म्हणाला, "ते मागं घेतो, काकू. नळीला लोखंडी पाइपचं कवच घाला. टाक्यांभोवतीची जाळी वाढवा. टेम्पो रिकामा येऊ दे."

नळीचं ते कवच मी दुकानात बसून तयार केलं, गच्चीपासून चारशे पावलं लांब. राजनंदिनीनं जोड बदलला, साबणाचं पाणी लावलं, वायू सोडला. बुडबुडा नाही. मग तिनं वासाचं यंत्र फिरवलं. शून्य. तिचा त्या शून्यावर विश्वास बसेना. शेवटी तिनं बादलीतून काढून उन्हात वाळवलेली ती अर्धी जळालेली केरसुणी उचलून सगळ्या नळीवरून हळूहळू फिरवली, मगच श्वास सोडला.

गुरुसिद्धप्पानं रिकामा टेम्पो वळवला. तो कोपऱ्यावर गेला न गेला तोच वीज गेली. पंखा मंदावत थांबला. गल्लीतले सगळे आवाज थांबले. वहिनींचा हात सवयीनं विंझण्याकडं गेला. बजरंगचं मशीन आपल्या लयीत चालूच होतं.

मी बाजेच्या कडेला बसलो होतो, तोंड खाली घालून. बजरंगनं पायानं मला ढोसलं.

"लाल्या."

"काय?"

"कावळ्याचं... पुढं काय झालं?"

"कुठल्या कावळ्याचं?"

"निखारा... उचलला त्याचं. सांग की." त्यानं दम घेतला. "आज खरं... लई झालंय."